आधी मुक्काम, मग वाट

दिल्लीतले मराठी घर म्हणजे हिमालयाच्या वाटेवरचे पहिले विश्रामगृह. त्याला चौकीदार नसतो, भाडे नसते आणि ‘जागा नाही’ अशी पाटी लावण्याची सोयही नसते! आमच्या सरोजिनी नगरात तर एप्रिल उजाडला की घरोघरी हे विश्रामगृह सुरू होते. जुनी दुमजली सरकारी क्वार्टर्स पाडून इथे आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. २०१८ साली मेट्रोही दारात आली. पण पुण्या-नाशकाकडून, सांगली-सोलापूरहून येणारे आणि पुढे कुमाऊँ-गढवालला निघणारे पाहुणे काही थांबलेले नाहीत. बाहेरच्या खोलीत सॅका रचलेल्या, दाराशी चिखलाच्या बुटांची रांग आणि स्वयंपाकघरात वाटेसाठी दशम्यांची थप्पी, हे दृश्य आमच्या ओळखीचे आहे.

यंदा मार्चमध्ये नाशिकहून भाचीचा फोन आला. कॉलेजच्या पाच मैत्रिणी मे महिन्यात पिंडारी हिमनदीच्या पदभ्रमणाला निघाल्या होत्या.

“मावशी, रेल्वेची तिकिटं झाली, बूट घेतले. गरम कपडे तुझ्या सरोजिनी मार्केटमधून घेऊ. जाताना एक रात्र आणि येताना एक रात्र तुझ्याकडे!”

“अगं, माझ्याकडच्या दोन रात्री कळल्या. मधल्या रात्री कुठे काढणार?”

“तिथे काहीतरी असेलच की!”

वाचकहो, आजचा लेख या ‘असेलच की’वर आहे.

सह्याद्रीची सवय

भाचीचे चुकले असे मी म्हणणार नाही. आपण मराठी माणसे डोंगर चढायला शिकलो ती सह्याद्रीत. हरिश्चंद्रगडावर जायचे तर लेण्यांमध्ये पथारी टाकायची. एखाद्या गडावर देवीचे देऊळ असते, खाली वाडीत कोणाची तरी ओसरी असते. पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे शेकडो माणसे चालत जातात आणि वाटेवरच्या वाड्यावस्त्यांमधून रात्र काढतात. घरातली माउली भाकरी थापून देते आणि निघताना आपण तिच्या हातावर पैसे ठेवतो. त्यात सहसा अडत नाही, कारण एखादी जागा नाही मिळाली तरी तासा-दोन तासांवर दुसरे गाव असते आणि उघड्यावर रात्र काढावी लागली तरी फार तर थंडी वाजते.

हिमालयात हे दोन्ही आधार सुटतात. महाराष्ट्राचे सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. पिंडारीच्या वाटेवरचा शेवटचा मुक्काम फुरकिया त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. मे महिन्यातही तिथे संध्याकाळी हात गोठतात. दुपारनंतर पाऊस आला, की भिजलेल्या अंगाने रात्र उघड्यावर काढणे ही मर्दुमकी नव्हे, जिवाशी खेळ आहे. आणि ‘पुढच्या गावात बघू’ म्हणावे, तर पुढे गावच नसते.

एका साखळीची गोष्ट

पिंडारीचीच वाट घेऊ. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदामला उतरायचे. तिथून अल्मोड्यावरून बागेश्वर, हा दिवसभराचा डोंगरातला प्रवास. पूर्वी लोक सोंग, लोहारखेत, धाकुडी असे चढून जात. आता खरकियापर्यंत जीप जाते, त्यामुळे चालणे तिथून सुरू होते. पहिला मुक्काम सुमारे ५ किलोमीटरवर खाती. हे वाटेवरचे शेवटचे गाव. इथून पुढे शेत नाही, दुकान नाही, कोणाची ओसरी नाही. दुसऱ्या दिवशी सुमारे ११ किलोमीटर चालून द्वाली. इथे पिंडर आणि कफनी या दोन नद्या भेटतात आणि कफनी हिमनदीकडची वाटही इथूनच फुटते. तिसऱ्या दिवशी ५ किलोमीटरचा खडा चढ, की फुरकिया. चौथ्या दिवशी पहाटे निघून सुमारे ७ किलोमीटरवरच्या झीरो पॉइंटला जायचे, समोर हिमनदी डोळे भरून पाहायची आणि त्याच दिवशी उतरून द्वालीला परत यायचे.

खाती, द्वाली, फुरकिया इथे कुमाऊँ मंडल विकास निगमाची विश्रामगृहे आहेत, काही ठिकाणी इंग्रजांच्या वेळेपासूनचे बांधकाम खात्याचे डाक बंगलेही आहेत. खातीत गावकऱ्यांनी आपल्या घरात पाहुणे ठेवण्याचीही सोय केली आहे. पण द्वाली आणि फुरकियाला छप्पर म्हणाल तर एवढेच.

आता गंमत पाहा. शहरात हॉटेल मिळाले नाही तर आपण शेजारच्या हॉटेलात जातो. इथे मुक्काम एकमेकांत साखळीच्या कड्यांसारखे अडकलेले. खाती मिळाले, फुरकिया मिळाले आणि मधले द्वाली त्या तारखेला भरलेले निघाले, तर हातातल्या बाकीच्या दोन पावत्यांचा उपयोग शून्य. खातीहून थेट फुरकियाला एका दिवसात चढणे सराईताला जमेल, पण पहिल्यांदाच हिमालयात जाणाऱ्याला थकवा आणि विरळ हवा दोन्ही बाधतात.

उलटे मोजा

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की बुकिंग दिल्लीच्या तिकिटापासून सुरू करू नका. सर्वात अडचणीच्या मुक्कामापासून सुरू करा. आपण लग्न ठरवताना काय करतो? आधी कार्यालयाची तारीख पाहतो, मग पत्रिका छापतो. पत्रिका वाटून झाल्यावर कोणी कार्यालय शोधत फिरत नाही.

भाचीला मी वही-पेन्सिल घेऊन बसवले. फुरकियाची १२ मेची रात्र मिळते असे धरू. मग द्वाली ११ला हवे आणि उतरताना पुन्हा १३ला. खाती १०ला आणि पुन्हा १४ला. म्हणजे बागेश्वरला ९ तारखेला मुक्काम आणि दिल्लीची गाडी ८ला रात्री. १५ला खरकियाला उतरून बागेश्वर, १६ला काठगोदाम. आणि परतीची गाडी? १६ची नव्हे, १७ची!

तो एक दिवस कशासाठी, असे पाचही जणींनी विचारले. तो डोंगराचा दिवस. पाऊस लागतो, दरड कोसळते, कोणाचा पाय मुरगळतो. जून २०१३च्या महापुरात याच वाटेवर खाती आणि द्वालीच्या दरम्यान पूल आणि पायवाट वाहून गेली होती. डोंगर आपले वेळापत्रक वाचत नाही. मुक्काम मोजून, दिवस मोजून आणि रजाही मोजूनच घेतली असेल, तर एका पावसात सगळे कोसळते. ज्यांना शक्य आहे त्यांनी दुसरा मोकळा दिवस खातीत ठेवावा. तिथे गाव आहे, ऐनवेळी कोणाच्या तरी घरी सोय होते.

रेल्वेचे म्हणाल, तर १ नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटांचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. त्याआधी ते १२० दिवस होते. म्हणजे आता गाडीचे आरक्षण उघडण्यापूर्वीच विश्रामगृहांची चौकशी पुरी करायला हवी. तारखा हाती असल्या, की आरक्षण उघडेल त्या सकाळी तिकिटे काढता येतात. भाचीची तिकिटे आधीच काढलेली होती, तेव्हा ती रद्द करून नवी काढण्याचा भुर्दंड मुलींना पडलाच. पण तो दिल्लीत पडला, द्वालीला नव्हे.

पावती म्हणजे पीठ

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. विश्रामगृहाचे बुकिंग म्हणजे केवळ खाट राखून ठेवणे, असे आपल्याला वाटते. खरे तर ते पीठ राखून ठेवणे असते.

रस्ता संपला, की पुढे डाळ, तांदूळ, पीठ, तेल आणि सिलिंडर जातो तो खेचरांच्या पाठीवर किंवा माणसाच्या. वरचा चौकीदार किंवा स्वयंपाकी किती शिधा आणायचा हे किती माणसे येणार यावरून ठरवतो. तुम्ही न कळवता सहाजण गेलात, तर तुमच्या ताटात पडते ते दुसऱ्या कोणाच्या तरी वाटणीचे असते. आणि बुकिंग करून गेलाच नाहीत, तर ज्याला जागा नाकारली तो खाली राहतो आणि वर खाट रिकामी पडते. म्हणून बेत फिसकटला तर लगेच रद्द करा. पैसे परत मिळोत न मिळोत, कोणाची तरी साखळी जुळेल.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. स्वित्झर्लंडमध्ये अल्पाइन क्लबची स्थापना आणि त्यांचे पहिले डोंगरघर दोन्ही १८६३ सालची. आज त्या क्लबची दीडशेच्या आसपास अशी घरे आहेत. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वताला सुमारे १७० किलोमीटरची प्रदक्षिणा घालणारी वाट आहे. लोक दहा-अकरा दिवस या घरातून त्या घरात चालत जातात. तिथेही हल्ली नाव नोंदवून न येणाऱ्यांचा त्रास इतका वाढला आहे, की अनेक घरे आधी पैसे भरून घेतात किंवा न आल्याचा दंड लावतात.

न्यूझीलंडची मिलफर्डची वाट तर शिस्तीचा नमुनाच. ५३.५ किलोमीटर, चार दिवस, तीन रात्री, तीन घरे. हंगामात स्वतंत्रपणे चालणाऱ्या चाळीसच जणांना रोज सोडतात, तेही एकाच दिशेने. प्रत्येक घरात एकच रात्र, दुसऱ्या दिवशी पुढे सरकायचे. आजचे चाळीसजण पुढे गेले, की उद्याचे चाळीस त्यांच्या खाटांवर. एकाने हट्टाने जास्त मुक्काम केला तर मागची सगळी रांग अडते.

असाच एक प्रकार आपल्या देशातही वर्षानुवर्षे चालू आहे. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय चाणक्यपुरीत, आमच्या सरोजिनी नगरापासून जवळच आहे. त्यांच्या कसोलहून निघणाऱ्या सार पासच्या मोहिमेसारख्या कार्यक्रमांत ठरलेल्या जागी तंबूंचे मुक्काम उभे असतात. रोज एक तुकडी तळावरून निघते आणि प्रत्येक तुकडी एकेक मुक्काम पुढे सरकते. जेवण, अंथरूण, वाट दाखवणारा माणूस सगळे त्यात येते. पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्यांनी, विशेषतः मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी, या मार्गाचा जरूर विचार करावा. साखळी जुळवण्याचे काम तिथे दुसऱ्याने केलेले असते.

आणि कोणी भिजून आले तर?

आता एक अवघड प्रश्न. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी एका मंत्रालयात नोकरीला आहेत. त्यांच्या यजमानांची काही वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत, रजा जुळेपर्यंत तीन वर्षे गेली. मग दोघे हिमालयातल्या एका वाटेला निघाले. सगळे बुकिंग वहिनींनी स्वतः केलेले, पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत.

शेवटून दुसऱ्या मुक्कामात दुपारपासून पाऊस. अंधार पडताना नऊ मुले आली. बुकिंग नाही, रेनकोट नाहीत, अंगात जीनच्या पँटी. चौकीदाराने त्यांना मोठ्या खोलीत जमिनीवर घेतले. पण रजया मोजक्याच होत्या. एक मुलगा थंडीने लटलटा कापत होता, नीट बोलता येईना.

वहिनी सांगत होत्या, “हे म्हणाले, ‘आपण तीन महिन्यांपूर्वी पैसे भरलेत. मला झोप मिळाली नाही तर उद्या मी चढू शकणार नाही, हे तुला माहीत आहे.’ अहो, त्यात त्यांचं काय चुकलं? उलट मीच महिनाभर त्यांना तसं बजावत होते. मी दारात उभी राहिले आणि मला काही सुचेना.”

शेवटी तो मुलगा त्यांच्या खोलीत आला. कोरडे कपडे यजमानांनी आपल्या सॅकमधून काढून दिले. दोन रजयांपैकी एक त्याला, एकीत दोघे. गरम पाणी, साखरेचा चहा, रात्रभर जाग. सकाळी मुलगा हिंडूफिरू लागला. यजमानांच्या पायात मात्र चढण्याचे त्राण नव्हते. हातात मोकळा दिवस नव्हता, रजा संपत होती. दोघे तिथूनच मागे फिरले. तीन वर्षे ज्या बर्फासाठी थांबले, तो त्यांनी पाहिला नाही.

“वाईट वाटतं?” मी विचारले.

“खूप वाटतं. खोटं कशाला बोलू?” वहिनी म्हणाल्या. “मुलाला खोलीत घेतलं याचं नाही वाटत. त्या मुलांनी घरून निघताना एक फोन केला असता, तर वर रजया जास्त गेल्या असत्या, एवढंच सारखं मनात येतं.”

डोंगरातला कायदा रेल्वेच्या बर्थसारखा नाही. वादळात, पावसात, आजारपणात दाराशी आलेल्याला परत पाठवायचे नाही, ही आल्प्सपासून हिमालयापर्यंत सगळीकडची जुनी रीत आहे. त्यामुळे हातात पावती असली तरी सरकून घ्यावे लागते. पण म्हणूनच, कोणीतरी सरकून घेईलच असे धरून निघणे हा त्या रीतीचा गैरफायदा आहे. आपल्या बेफिकिरीची किंमत आपण देत नाही. ती देतो वाटेवरचा एखादा अनोळखी माणूस, ज्याने सगळे नीट केलेले असते.

निघण्यापूर्वी

काही व्यवहाराच्या गोष्टी लिहून ठेवा.

पावत्यांच्या कागदी प्रती सोबत हव्यातच. खातीच्या पुढे फोनवर विसंबू नका, चौकीदाराला दाखवायला कागद लागतो. एक प्रत घरी ठेवा, म्हणजे कोणत्या रात्री तुम्ही कुठे आहात हे घरच्यांना कळेल. रोख पैसे सुट्या नोटांत न्या.

बुकिंग करताना चार प्रश्न विचारा. खाट मिळेल की जमिनीवर अंथरूण? रजई मिळेल का? जेवण तिथे मिळते की शिधा न्यावा लागेल? डॉर्मिटरी आहे की स्वतंत्र खोली? सोबत मुली किंवा वयस्क मंडळी असतील तर शेवटचा प्रश्न विसरू नका. अनेक ठिकाणी एकाच मोठ्या खोलीत सगळे झोपतात. ते आधी माहीत असले की अवघडायला होत नाही. आणि निघण्याच्या आठवड्यात निगमाच्या कार्यालयात पुन्हा फोन करून वाट चालू आहे ना, विश्रामगृह उघडे आहे ना, हे विचारून घ्या.

पिंडारीचा हंगाम साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर. ज्यांना पूर्वेकडे जायचे आहे त्यांच्यासाठी दार्जिलिंगजवळची सिंगालिलाची वाट आहे. मानेभंज्यांगहून टोंगलू, ३,६३६ मीटर उंचीचे सांदकफू, फालुत, गोरखे. तिथे ट्रेकर्स हट आहेत आणि सीमेवरच्या वस्त्यांमध्ये खासगी निवासही आहेत, त्यामुळे साखळी जुळवणे थोडे सोपे जाते. वाट नेपाळच्या सीमेवरून जाते, तेव्हा ओळखपत्र हवे, गाइडही घ्यावा लागतो. पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, तिथले राष्ट्रीय उद्यान बंद असते.

गरम कपड्यांसाठी आमचे सरोजिनी मार्केट आहेच. एक्स्पोर्टचा माल स्वस्तात मिळतो, पण सोमवारी बाजार बंद असतो हे लक्षात ठेवून दिल्लीचा दिवस ठरवा. घासाघीस करा, पण जाकीट उलटे करून शिवण पाहा. वरून चकचकीत आणि शिवणीतून पाणी आत, असा माल पुष्कळ. जीन आणि सुती कपडे डोंगरात नेऊ नका, भिजले की वाळत नाहीत. आणि सॅकमध्ये प्रत्येकी एक जास्तीचा कोरडा गरम सदरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. तो तुमच्यासाठी लागेल किंवा दाराशी भिजून आलेल्या दुसऱ्या कोणासाठी.

शरद ऋतूतल्या हंगामाला जायचे असेल त्यांनी कॅलेंडर आजच भिंतीवरून उतरवावे. आधी वरच्या मुक्कामाची रात्र शोधा, तिच्याभोवती बाकीच्या रात्री गुंफा, एक दिवस डोंगरासाठी मोकळा सोडा आणि मग गाडीचे तिकीट काढा. आणि हो, दिल्लीतल्या मावशी-काकांकडे उतरणार असाल तर त्यांनाही आठ दिवस आधी कळवा. कणीक आमच्याकडेही भिजवावी लागते!